पाव आटा

बॉक्सरच्या पोटाखाली उताणा पडून
सतराच्या पान्यानं ऑइलचा बोल्ट आवळत होतो.
बसला होता.
हाताला कळलं होतं, बसला म्हणून.
तरी वाटलं, अजून पाव आटा.
गळायला नको.

मग जे झालं त्याला आवाज नसतो.
लोण्यातून सुरी गेल्यासारखं काहीतरी
मनगटात येतं
आणि पाना फुकट फिरू लागतो.

सतरा वर्षं अंबडला क्वालिटीत आहे मी.
दहा मायक्रॉन जास्त भरलं की लाल ठिपका,
जॉब पेटीत, ऑपरेटरचं नाव वहीत.
कारण विचारायचा रकाना आहे वहीत,
त्यात आम्ही सगळे एकच शब्द लिहितो: निष्काळजीपणा.

त्या रात्री सिडकोतल्या आमच्या बोळात
तेल ठिबकत राहिलं
कासारांच्या उंबऱ्यापर्यंत.
पुष्पलतानं जुनी परात आणून खाली सरकवली
आणि काही बोलली नाही.
बोलली असती तर बरं झालं असतं.

पवननगरच्या गांगुर्डे टर्नरनं
भोकात करंगळी घालून फिरवली,
डोळे मिटून, नाडी बघावी तशी.
म्हणाला, घाबरून आवळलंय.
ढिलं राहून गेलेले आटे वेगळे लागतात बोटाला.
हे काळजीनं गेलेत.
आता एक नंबर मोठा बोल्ट लागेल.
कायमचा.

साठ रुपये घेतले त्यानं.
वहीतला तो रकाना
सोमवारी मला जरा वेळ भरता आला नाही.

एवढ्यानं शहाणा झालो असतो तर!
दिवाळीनंतर चेन बदलली स्वतःच.
तिची क्लिप माशासारखी असते,
माशाचं तोंड चेन पळते त्या बाजूला हवं.
मी शेपूट पुढे केली.
मासा महिरावणीपर्यंत उलटा पोहला
आणि रस्त्यावर कुठेतरी सुटला.

रविवार. त्र्यंबकहून परतणाऱ्या गाड्या,
मी चेन हँडलला गुंडाळून
पपया नर्सरीच्या दिशेनं ढकलतोय.
एका टेम्पोवाल्यानं वेग कमी केला,
खिडकीतून चेनकडे बघितलं.
क्लिप उलटी ना?
तुम्हाला कसं कळलं?
मीपण, म्हणाला,
आणि गाडी मागे चढवायला खाली उतरला.

हौद्यात द्राक्षांचे रिकामे क्रेट होते.
मी त्यांच्यात बसून नाशिकला आलो,
घामेजलेला, काळ्या हातांचा,
आणि का कोण जाणे, खुशीत.

च्यवनप्राशचा एक डबा आहे माझ्याकडे.
त्यात तो बोल्ट, वाकलेली एक कॉटर पिन,
तिरका बसवून भाजलेला प्लग.
शिवाय एक वायसर,
जो इंजिन बंद केल्यावर हातात उरला.
कुठला, ते आजवर कळलेलं नाही.
गाडी चालते.
मी मात्र चढावर कान देऊन असतो.

परवा आयटीआयचा नवा पोरगा, चैतन्य बागूल,
टॅप आत मोडून बसला.
तुकडा तळहातावर घेऊन उभा,
मान खाली.
मी ठिपका लावला. नियम आहे.
नाव लिहिलं. तोही नियम.
रकान्यापाशी थांबलो, विचारलं,
मोडायच्या आधी हाताला काही कळलं होतं का रे?
बराच वेळ गेला.
जड लागत होतं, म्हणाला.
पण मागे घेतला तर
तुम्ही म्हणाल, येत नाही याला.

तेच लिहिलं मी, त्याच्याच शब्दांत.
ओळ रकान्यात मावली नाही,
समासात गेली.

काल पुन्हा ऑइल बदललं.
मोठा बोल्ट, नवं तांब्याचं वायसर.
बसला, तसं मनगट म्हणालं, अजून पाव.
पाना खाली ठेवला.
आत गेलो, चहा टाकला, पूर्ण प्यायलो.
परत येऊन वाकून बघितलं.

कोरडा.
तरी पाना उचलला होता मी.
पुष्पलता दारात उभी होती,
तिच्या हातात परात.